अठ्ठेचाळीस उणे सेहेचाळीस

एकतीस वर्षं मी पिवळी बस चालवली,
हँकॉकच्या शाळेपासून सरोवराच्या टोकापर्यंत
आणि परत. अठ्ठेचाळीस सीटा.
आता मला दोन हव्या होत्या.
खरं तर दोनमध्येही एक जास्तच,
पण एका सीटेची गाडी कुणी बनवत नाही.

भाचा म्हणाला, "आत्या, इथे मिशिगनच्या या टोकाला
उन्हाळा असतो तरी कुठे?
अर्धा जून गारठ्यात, सप्टेंबरात पानं लाल,
मध्ये उरतात दहा आठवडे,
त्यातले चार डासांचे."
मी म्हटलं, मग सहा माझे.

गाडी हिरवी, जपानी, सत्त्याण्णव सालची,
एका कोठारात ताडपत्रीखाली झोपलेली.
बटण दाबलं की दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात,
एक लगेच,
दुसरा जरा आळस देऊन.

भाचा पाठीवर सरकत खाली गेला,
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा ठोकत राहिला
डॉक्टर छाती ठोकून बघतात तसा.
ठण. ठण. ठण.
मग एका जागी, थप.
"मीठ," तो खालून म्हणाला.
बर्फ वितळावा म्हणून आम्ही सहा महिने रस्त्यांना मीठ चारतो
आणि रस्ते ते आमच्या गाड्यांना.
खाल्ल्या मिठाला इथे कुणीच जागत नाही.

मागची प्लास्टिकची खिडकी पिवळट, कुणाच्या तरी जुन्या चष्म्यासारखी.
उजवीकडचा गालिचा ओला.
टप गळत नव्हतं; पाणी वाहून जायची भोकं
पाइनच्या सुयांनी बुजली होती, एवढंच.

विकणारा कॉर्बिन, पंचविशीतला.
बायको कोठाराच्या दारात, सातवा महिना,
हात पोटावर, नजर गाडीवर.
"मागे सीट नाही ना," तो म्हणाला,
जणू मी विचारलं होतं.
"एकदा टप अडकून बसलं," ती म्हणाली,
"ऑक्टोबरात. दातांवर दात वाजवत आलो घरी,
मग त्यानंच लग्नाचं विचारलं, की मी, आठवत नाही."
आणि मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.
"मिसेस लाहती? अकरा नंबरची बस?"

टेसा.
तिसरी रांग, खिडकीकडची.
दर सोमवारी उलटी.
"आता कसं आहे पोट?" मी विचारलं,
आणि ती हसली तेव्हा
ते आतूनही हललं.

त्यांनी सांगितले होते बेचाळीसशे.
मी लिफाफ्यात अडतीसशे मोजून नेले होते,
गंजावर, गालिच्यावर, टायमिंग बेल्टवर
रात्रभर एक भाषण पाठ करून.
त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.
मी पर्स उघडून उरलेले चारशे शोधू लागले,
कॉर्बिन म्हणाला, "नको, अडतीसच द्या,"
मी म्हटलं बेचाळीस,
तो म्हणाला अडतीस,
अशी उलटीच घासाघीस.
चार हजारांवर हात मिळवले.
भाचा कपाळ चोळत आपल्या ट्रककडे गेला.

येताना सवयीनं सारखी वरच्या आरशात बघत होते:
कोण उभं राहिलंय, कुणी कुणाची टोपी फेकलीय.
आरशात नुसता रस्ता,
शहाण्या मुलासारखा जागेवर बसलेला.

तांब्याच्या खाणीकडे जाणाऱ्या जुन्या रुळांपाशी थांबले.
बसचा नियम आहे:
रूळ दिसले की थांबा, दार उघडा, कान द्या.
शेवटची आगगाडी इथून गेली ती माझ्या लग्नाआधी.
रूळही उपटून नेलेत, डांबरात दोन वळ उरलेत फक्त.
तरी उजवा हात दाराचा दांडा शोधायला गेला
आणि थोडा वेळ
तसाच हवेत राहिला.

दार कशाला, छप्परच नव्हतं.
सरोवर ऐकू येत होतं,
कुठेतरी सुतारपक्षी,
मागे भाच्याचा हॉर्न.
शेजारच्या सीटवर ओला गालिचा,
गुंडाळी करून, पट्टा लावून बसवलेला.
आम्ही दोघांनी नीट ऐकलं.

काही येत नव्हतं.
गिअर टाकला.