दोन गाठींची सुतळी

खिशात लोहचुंबक, आणि दोन गाठी मारलेली सुतळी.
पहिली गाठ: तळघराच्या दाराची रुंदी.
दुसरी: आतली जागा, जळणाची थप्पी सोडून.
त्सिल्का म्हणाली, लाकडं हलणार नाहीत,
माझी लेस विणायची उशी तर नाहीच नाही.
त्या दोहोंत मावेल ती आण.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य.
पण इद्रियाच्या खाणीत तीस वर्षं पंप राखलेल्या माणसाला
पाय पसरायला नको असतात,
हात चालवायला जागा लागते.

आधी समुद्राकडे, कोपेरला.
एक स्पाचेक, बेडकासारखे डोळे वटारलेली,
आणि मालक, गाडीइतकाच नुकता रंगवल्यासारखा.
चुंबक दाराला लावला. घसरला.
मडगार्डला लावला. घसरला.
माझी सुतळी मोजत होती ती लांबी वेगळी,
इथे सगळी भोकं बुजवायची लांबी.
पायाखालचं रबर उचललं तर थेट गवत,
गवतात एक गोगलगाय,
तिचं घर मात्र कुठेही गंजलेलं नव्हतं.

मग नोवो मेस्तोजवळ कात्रत्सा.
पहिल्या किल्लीला सुरू.
मालकीण भूगोलाच्या बाई, निवृत्त,
वहीत प्रत्येक तेलबदल, तारखेसकट, लाल शाईत.
मी इंजिनावर वाकलो आणि तसाच सरळ झालो.
काहीच मोडलेलं नव्हतं.
म्हटलं, बाई, जागेत दोन बोटं कमी पडतात.
(चार बोटं उरत होती.)

तिसरी, खरं सांगायचं तर, पहिल्यापासून तीच.
फिचो.
आमच्या घरी होती, फिकट निळी.
शनिवारी त्रिएस्तला, जीन्स आणायला;
परतताना कॉफीच्या पिशव्या सीटखाली,
सीटवर मी,
आणि जकातनाक्यावर मला हुकमी झोप.
चढावर इंजिनाचं झाकण उघडं ठेवावं लागे, मागचं,
बाबा म्हणत, तिला दम लागतो, घाई करू नका.

त्सेर्क्नोच्या वर, खुराड्याशेजारच्या कोठारात
फिचोचा नुसता सांगाडा होता.
बाकीची गाडी फळीवर, बरण्यांत.
बीट, काकड्या, जर्दाळूचा मुरंबा, असल्या रिकाम्या बरण्या,
चाळीस-एक असाव्यात.
पहिलीवर मुंगीएवढी अक्षरं:
डावं दार, वरची बिजागरी, चार स्क्रू, एक वाकडा.
दहावीवर अक्षरं मुगाएवढी.
विसाव्या-पंचविसाव्यावर वालाएवढी, ओळ सोडून घसरलेली.
मग नुसतं 'दिवा'.
मग नुसतं 'द'.
त्यापुढच्या बरण्या कोऱ्या.

फेर्दो पेतेर्नेल बाकावर बसला होता,
बोलताना माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे बघत.
भाव सांगितला नाही. म्हणाला, डोळे मिटा.
तळहातावर काहीतरी ठेवलं, थंड, कडेला दातरं.
कशाचं?
वायपरचं, मी म्हणालो.
तो हसला. कोंबड्याही हसल्या असाव्यात.
काच वर-खाली करायच्या हँडलचं, म्हणाला. शिकाल.
मग जरा वेळानं: पुरी कराल ना?
मी हो म्हणायच्या आत म्हणाला,
राहू द्या, मीही हो म्हणालो होतो.

चुंबक खिशातून काढलाच नाही.
गंज दिसत होता, लपवलेला नव्हता.
सुतळी तेवढी ताणली, सवयीनं.
दाराशी एक बोट उरत होतं,
तेही माझं, करंगळी नव्हे.

आता ती तळघरात आहे, चार ठोकळ्यांवर.
पलीकडे त्सिल्काच्या लाकडी गोट्या टकटकतात,
बारा जोड्या दोरे, आणि ती बघतसुद्धा नाही.
लाकडं हलली. थोडी.

गुरुवारी संध्याकाळी मी फोन लावतो,
एक कोरी बरणी उचलतो
आणि रिसीव्हरजवळ खुळखुळवतो.
पलीकडे कोंबड्यांचा आवाज, मग शांतता.
पुन्हा, तो म्हणतो. हळू.
पुन्हा हलवतो.
उजवं दार, खालची बिजागरी.
तीनच आहेत ना?
चौथा माझ्या कोटात असेल, बघतो.