क्रियापद शेवटी येतं

जर्मनमध्ये जोडवाक्यातलं क्रियापद शेवटी येतं,
आपल्यासारखंच.
दुभाष्यानं म्हणून घाई करायची नाही,
समोरच्याचं वाक्य संपेस्तोवर गप्प राहायचं.
काळा घोड्याच्या वर्गात वीस वर्षं हेच शिकवलं मी
आणि माहुलला, सातव्या मजल्यावर,
स्वतःच विसरले.

फ्राउके तेव्हा सव्वीस वर्षांची.
तिकडच्या संसदेतली सगळ्यात धाकटी,
विमानातला हिरवा स्वेटर अजून कमरेला गुंडाळलेला,
शिष्टमंडळाची बस सोडून माझ्याबरोबर रिक्षात बसली.
लिफ्ट बंद. पाचव्या मजल्यावर ती थांबली, नाक दाबून,
मग लाजून हात खाली घेतला.
खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत,
भर दुपारी कुणी दिवा मालवायला विसरावं तशी.

कलावती शिरसाटांनी देवाच्या फळीवर
इन्हेलर ओळीनं मांडले होते. रिकामेसुद्धा.
"टाकवत नाहीत," म्हणाल्या. "मोजायला लागतात."
फ्राउकेनं मोजले. एकोणीस.
मग बोलली, एक लांबलचक वाक्य:
की ती, आपल्या सभागृहात, त्या कंपन्यांबद्दल,
ज्यांचा पैसा या धुरात आहे, सरकारला...
आणि मला राहवलं नाही.
"ही थांबवेल म्हणते," मी सांगून टाकलं.

ती म्हणाली होती: विचारेन.

कलावतीबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली.
ती कशाबद्दल, हे मी तिला सांगितलं नाही.

विचारलं तिनं. खरंच विचारलं.
दोन मिनिटांचं भाषण, मागे रिकामी निळी बाकं,
आणि "एकोणीस" म्हणताना तिचा आवाज चिरकला,
ते मी मोबाइलवर तीनदा पाहिलं.
मग तिचा पक्ष सरकारात गेला.
कोळशाच्या खाणीला आणखी आठ वर्षं द्यायची होती.
तिनं हात वर केला.
पेपरमधल्या फोटोत तो खांद्याच्याही वर गेला नव्हता.

पुन्हा आली ती नरिमन पॉइंटच्या हॉटेलात,
खात्याची उपमंत्री म्हणून, करड्या कोटात.
मी काचेच्या खोलीत, कानाला यंत्र लावून.
प्रयत्न केले जातील. दखल घेतली गेली आहे.
सगळा कर्मणी प्रयोग.
तासभर कर्ता शोधत होते मी, सापडला नाही.
चहाच्या वेळी गर्दीतून वाट काढत आली
आणि हळूच म्हणाली, "एकोणीसचे किती झाले?"
मला माहीत नव्हतं.
मी तरी कुठे गेले होते पुन्हा.

गेल्या वर्षी ती पडली. सहाशे मतांनी.
आता एका गावात उष्णतेचे पंप बसवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेत
हिशेब लिहिते.
स्वतःच्या पैशानं आली, पाठीवर पिशवी.
लिफ्ट अजून बंद.
या वेळी नाक दाबलं ते मी.

कलावतीबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या,
"काय गं, थांबवलंस का?"

फ्राउके माझ्याकडे बघायला लागली.
पाच शब्दही नव्हते, आणि मला भाषांतर जमेना.
शेवटी मी मराठीतच बोलले:
"बाई, थांबवेन असं ती म्हणालीच नव्हती.
ते माझं होतं. ती विचारेन म्हणाली होती."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.
"एवढं मोठं बोलणारं माणूस काय थांबवणार?
पण तू बोललीस ना, थांबवेल म्हणून,
मग आम्ही वाट बघितली, वर्षभर,
मग म्हटलं, ही काय येत नाही,
आणि खालच्या मजल्यावरची गुलशन, तिला लिहिता येतं..."
फळीवरून त्यांनी एक जाड वही काढली,
इन्हेलर बाजूला सारत.
तारखा, वास किती वाजता आला, कुणाचं पोर दवाखान्यात,
चार इमारतींचे अंगठे.

"काय म्हणतात त्या?" फ्राउकेनं बाही ओढली.

मी तिला हातानं थांब म्हटलं.
वाक्य अजून चालू होतं.