प्रश्न क्रमांक नऊ

मॅडमनी चाळीस नावांची यादी पाठवली
आणि नऊ प्रश्न.
म्हणाल्या, नववा सरळ आवाजात विचारायचा,
भाजीचा भाव विचारतो तसा,
आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.
एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाचं आमचं हे फील्डवर्क:
रविनगरच्या खोलीत, गादीवर बसून,
रिचार्ज आपापला.

गेल्या दोन आठवड्यांत झोपेचा त्रास झाला?
एकदाही नाही. काही दिवस. निम्म्याहून जास्त. जवळजवळ रोज.
चार चौकोन, एकात टिक.

जुवेरिया म्हणाली, झोप येते ना, दिवसा.
रात्री अब्बूंच्या बोटाला ते मशीन लावून बसते,
ब्याण्णव, एक्क्याण्णव, ब्याण्णव,
हे कुठल्या चौकोनात टाकता तुम्ही?

देवळीचा पोरगा म्हणाला, पुस्तकं होस्टेलवर राहिली,
खोलीला कुलूप, किल्ली वॉर्डनकडे,
अन् वॉर्डन सर गेले.
कुठे, असं मी विचारणार होते.

बॉटनीच्या तृप्ती ढोमणेला एकच काळजी,
डिपार्टमेंटमागच्या शेडमधल्या नेच्यांना पाणी कोण घालत असेल.
मामासाठी रडूच आलं नाही हो,
म्हणाली,
नेच्यांसाठी आलं.

एकजण नुसता हसला.
एकदम मजेत आहो, सगळेच पास होऊन राहिले,
काहीच टेन्शन नाही.
मी नऊही प्रश्नांना पहिला चौकोन भरला
आणि त्याच्या नावापुढे पेन्सिलीने एक टिंब दिलं.

वीस-बावीस फोन झाल्यावर
मला मागचे कूलर ऐकू यायला लागले.
मे महिन्यात या शहरात माणूस एकटा बोलतच नाही,
मागून पत्रा थरथरतो, पंप ठिबकतो,
कुणाची तरी आई ओरडते, अगं बंद कर जरा,
ऐकू तरी येईल.

तेहतिसावा, रितेश्वर नैताम, एमएस्सी फिजिक्स.
अमरावती रोडवरून अँब्युलन्स गेली,
आधी माझ्या खिडकीत वाजली,
मग त्याच्या फोनमध्ये.
भरतनगरला का तुम्ही?
हो. बाकीचे दोघं गेले गावी.
तुम्ही काहून नाही गेले?
मीच घेऊन गेलो अन् तिथं, तर?
घरी आजारी बाप आहे, असं काही तो बोलला नाही.
घरात किती जण, तेवढं फक्त सांगितलं.
सात.

आठ प्रश्न झाले.
नववा मी भाजीचा भाव विचारतो तसा विचारला.

तो बोलेना.
मीही बोलले नाही, नियमाप्रमाणे.
त्याचा कूलर बोलत होता.
आधी ठिबक, मग पंप हवा ओढायला लागला,
घर्र, घर्र,
कोरड्या गवतातून खोलीत ऊन फेकत असल्यासारखा.

पाणी संपलं तुमच्या कूलरचं, मी म्हटलं.
हो का. कधीचं संपलं असन.
टाका ना. मी थांबते.

फोन कशावर तरी ठेवला. स्लिपर. नळ,
दुपारचा, म्हणजे उकळताच असणार.
एक बादली.
बराच वेळ काहीच नाही. मी फोन कानाला दाबून धरला.
मग दुसरी बादली.
ओल्या गवताचा वास फोनवरून येत नाही,
एवढं फिजिक्स मलाही कळतं.

आला परत. थोडा धापा टाकत म्हणाला,
काही दिवस.
म्हणजे दुसरा चौकोन.
मी टिक केली, मॅडमचा नंबर दिला,
पेन शोधताना त्याने काहीतरी पाडलं, स्टीलचं.
मग आकडे मला उलट वाचून दाखवले, दहाही.
उद्या सहाला मी पुन्हा करते, म्हटलं.
हे यादीत नव्हतं.
उचलाल ना?
उचलतो.

रात्री रिपोर्ट पाठवला.
एकोणचाळीस बोलले, एकाचा नंबर बंद.
तेहतीसला लाल खूण,
आणि शेराच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
दोन बादल्या.

साडेदहाला मॅडमचा फोन.
बोलले गं मी त्याच्याशी, अर्धा तास. सकाळी परत बोलेन.
मग म्हणाल्या, हे बादल्यांचं काय लिहिलंस, खोडू का?
नको, म्हटलं.
त्या थांबल्या. मध्ये बोलल्या नाहीत.
त्यांच्या मागेही कूलर चालू होता.
पाणी होतं, बहुतेक.