मैलामागे अठ्ठावन्न सेंट

खताच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर
डार्लानं मधोमध उभी रेघ मारली.
डावीकडे लिहिलं, लांबचं.
उजवीकडे, जवळचं.
पेन्सिल दातात धरून म्हणाली, सांग.

मैलामागे अठ्ठावन्न सेंट, मी म्हटलं.
आठवड्याचे चोवीसशे मैल, रस्ता मोकळा असला तर.
वायोमिंगात वाऱ्यानं हायवे बंद झाला
की चाकं उभी, आणि पगारही उभा.
जोलिएटला गोदामाच्या धक्क्याशी
सहा तास मागचं दार टेकवून बसलो होतो गेल्या महिन्यात.
ते सहा तास कुणाच्याच वहीत नाहीत.

तेराशे ब्याण्णव, ती म्हणाली. दिसायला बरे आहेत.
आणि खाली भागाकार मांडला.
किती तासांनी भागू?
सत्तर. कायदा त्याहून जास्त चालवू देत नाही.
चालवतोस किती ते नाही विचारलं,
घरी नसतोस किती?

सहा दिवस.
म्हणजे एकशे चव्वेचाळीस तास.
अगं, त्यात झोप आली, जेवण आलं, आंघोळीची रांग आली...
झोपतोस कुठे? इथे?
मी गप्प.

नऊ डॉलर सहासष्ट सेंट.
तिनं आकड्याभोवती गोल केला नाही की काही नाही,
नुसती बघत बसली.
शेजारची ब्रिन आमच्या टेसाला सांभाळायला
तासाचे बारा घेते,
आणि आमच्याच फ्रिजमधलं आइस्क्रीम खाते.

मग उजवी बाजू.
दुधाचा टँकर, चोवीस. पहाटे तीनला पहिला गोठा,
आणि गाईंना रविवार कळत नाही.
काँक्रीटचा मिक्सर सव्वीस देतो,
पण जमीन गोठली की मार्चपर्यंत
घरात बसून खिडक्या मोजायच्या.
शाळेची बसही होती, एकोणीसवर.
टेसा जिन्यावरूनच ओरडली, अजिबात नाही.
कचऱ्याच्या गाडीवर जागाच नव्हती.
ती नोकरी कुणी सोडत नाही, वारसानं मिळते बहुतेक.

खाली जरा मोकळी जागा सोडून मी सांगितलं
व्हर्न नोव्हाचेकच्या कंपनीचं.
एकतीस. रोज संध्याकाळी घरी.
विमा पहिल्या दिवसापासून.
एवढे कशाचे देतो?
मेलेली गुरं उचलायची, शेताशेतातून.
दुधापेक्षा सात जास्त आहेत ना,
ते सात वासाचे.

डार्ला हसली नाही.
तिनं एकतीस लिहिलं, नीट, शाळेत लिहितात तसं.

त्या वर्षी मार्चात बर्फाचं वादळ आलं, नेमकं वासरांच्या दिवसांत.
माझा पहिलाच आठवडा.
कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून गेलेली एकवीस,
आणि पाठ करून उभा असलेला मालक,
सही करताना हातमोजा न काढणारा.
मी केबलचं बटण दाबून धरायचो
आणि टपाकडे बघायचो.

आता गॅरेजमध्येच कपडे उतरवतो.
डार्ला बादलीशेजारी लिंबं चिरून ठेवते.
टेसा नाक धरून दारातून विचारते, आज किती?
आणि आमचा कुत्रा, पिकल,
जो शनिवारी मला परका समजून भुंकायचा,
फळीखाली जाऊन बसायचा,
तो आता सगळ्यांच्या आधी धावत येतो,
माझे बूट चाटतो,
एवढा मोठा माणूस जन्मात पाहिला नसल्यासारखा.

रात्री वारा दक्षिणेकडून आला
की ऐंशी नंबरच्या हायवेचा आवाज घरापर्यंत येतो.
कोण चढाला लागलंय, कुणाचं रिकामं आहे,
पडल्या पडल्या कळतं.
पाय आपोआप क्लच शोधतो चादरीत.
किती झाले? डार्ला झोपेत विचारते.
मैल विचारतेय की तास,
की वाजले किती एवढंच,
मी विचारत नाही.
झोप, म्हणतो.
यांचे पैसे मिळत नाहीत.