सातवी बाटली

देपालपूरच्या पुढं, जिथं बस वळते आणि मुकाट परत फिरते,
त्या पिपल्याखेडीत मला बोलावलं होतं
हवामान समजावून सांगायला.
पिशवीत पडदा, लॅपटॉप, अकरा आलेख,
आणि इंदूरच्या पोरींना पंचवीस वर्षं
भूगोल शिकवून घोगरा झालेला गळा.

दुसऱ्याच आलेखाला वीज गेली.
मागच्या सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं,
"बाईजी, तुमचं हवामान विजेवर चालतं का?"
सगळे हसले. मीही हसले. काय करणार.

मग पूनम मंडलोई उठली.
वय तेवीस, बापानं वेगळे कसायला दिलेले पाच बिघे,
आणि हातातल्या खोक्यात
खोकल्याच्या औषधाच्या नऊ बाटल्या,
उकळून, पुसून, उन्हात पालथ्या घालून वाळवलेल्या.
प्रत्येकीत मूठभर गहू.
प्रत्येकीवर पट्टी, पट्टीवर पेरणीची तारीख
आणि फाल्गुनातल्या सगळ्यात तापलेल्या दुपारचा आकडा.
"चौदाव्या वर्षी सुरू केलं," म्हणाली,
"तेव्हा खेळ होता."

भाषण तिनं केलंच नाही.
हेमराजनं मोबाइलचा उजेड धरला
आणि ती एकेकाच्या तळव्यावर दाणे ओतत गेली.
ज्या तळव्यांनी मंडीत जन्मभर
डोळे मिटून भाव सांगितला,
त्यांना आलेख लागत नाही.
"हा भरलाय."
"हा दुधात असतानाच शेकला."
"हा… अरे, हा तर उपाशीच मेला."

सातव्या बाटलीपाशी कनीराम बा थांबले.
दाणे टपोरे, पोटाशी गोल,
नुसते बोटांतून घरंगळत होते.
"आणि हे काय गं?
या साली कुठं गेली होती तुझी गरमी?"
सतरंजीवर खसखस पिकली.
मी पुढं सरकले,
'सरासरी' हा शब्द अगदी ओठांवर घेऊन.
पूनमनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"त्या साली थंडी लांबली, बा. गहू चांगला आला.
लपवायचं असतं
तर ही बाटली घरीच ठेवली असती."

बाहेर कुणाची तरी म्हैस
खुंटाला पाठ घासत होती, तेवढाच आवाज.
म्हाताऱ्यानं दाणे परत बाटलीत भरले,
एक खाली पडला तो वाकून शोधला.
मग म्हणाला,
"आमच्या वेळी असली सालं
एकटी-दुकटी नसायची.
एकामागं एक यायची, गाडीला गाडी लागल्यासारखी.
धाकटीच्या लग्नात, भर फाल्गुनात,
वऱ्हाडाला गोधड्या पुरल्या नव्हत्या.
लिही."

"साल कुठलं, बा?"
"ते कुणाला ठाऊक? धाकटीचा पोरगा आता बारावीत आहे."

पूनमनं तिथंच बोटांवर वजाबाकी केली,
मग बापाच्या बायकोला, म्हणजे आपल्या आईला विचारून
दोन वर्षं मागं सरकवली,
एका रिकाम्या बाटलीवर पट्टी लावली,
'गोधड्या पुरल्या नाहीत' एवढं लिहिलं
आणि ती रिकामीच उभी केली
रांगेत, पहिलीच्याही आधी.

वीज आली. पडद्यावर माझा आलेख उजळला,
तांबडी रेघ वर वर जाणारी.
कुणी मान वळवली नाही.
पेरणी आठ दिवस अलीकडं घ्यावी की वाण बदलावं
यावर हेमराजशी तिघं जण भांडत होते,
आणि गोलू बाटल्यांना चिंध्या गुंडाळत होता,
बुधवारी पलीकडच्या गावात जायचं,
रस्ता खड्ड्यांचा, मोटारसायकल काकाची.

गंगवाल स्टँडला उतरले तेव्हा नऊ वाजून गेले होते.
घरी विचारलं, "झालं का भाषण?"
म्हटलं, "झालं. माझं नाही."
मग डब्यातले चार गहू तळव्यावर घेऊन
स्वयंपाकघरात डोळे मिटून बराच वेळ उभी राहिले.

काहीच कळलं नाही.
उद्या पुन्हा घेऊन बघेन.