इयत्ता तिसरी, जपान

मला जपानी येत नाही.
मोबाईलवरून वहीत उतरवून घेतलं
आणि मखमलाबादच्या शाळेत, तिसरीच्या फळ्यावर
लिहिलं : इची, नी, सान.

'इची' म्हटलं आणि मागची ओळ खुदकन फुटली.
साईराजचे काका चिडले की
हाच शब्द पुरता म्हणतात म्हणे.
चारला तिकडे 'शी'.
मग काय, पाच मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता.
दहाला 'जू'. हर्षद पिंगळे उभा राहिला :
"बाई, आमच्या पडवीत हाय एक.
बैल विकले, जू ठेवलंय."

कुणाला मान द्यायचा तर नावापुढे 'सान' लावायचं.
आपल्यात सान म्हणजे धाकटं,
तिकडे सान लागलं की माणूस मोठं होतं.
दिवसभर मग मिसबाहसान, तेजलसान,
खिचडी वाढणाऱ्या अलकामावशीसान.
"काय गं ही नवीन थट्टा," मावशी म्हणाल्या
आणि पळीभर जास्त वाढली.

"तिकडची मुलं आपला वर्ग आपणच झाडतात,"
मी मोठ्या कौतुकानं सांगितलं.
वर्गानं माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या खराट्याकडे.
"चपला दाराबाहेर काढतात."
दाराबाहेर एकोणतीस जोड आणि एक एकटी.
रेणुका म्हणाली, "मग बाई, ते आपल्यासारखेच की."
मला पुढचा मुद्दा सापडेना.

हजेरीचं 'यस मॅडम' त्या दिवसापासून बंद.
तिकडे होकाराला 'हाय' म्हणतात.
अर्धा वर्ग जूनपासून तेच म्हणत होता,
हाय बाई, हाय बाई,
आणि मी प्रत्येकाला थांबवून
"'आहे' म्हण" सांगत होते.

फेब्रुवारीच्या शेवटी हवा बिघडली.
द्राक्षं उतरायला आलेली,
मोठी माणसं सारखी मोबाईलमध्ये आभाळ बघत.
मी बाहुली शिकवली : तेरु तेरु बोझू.
पांढरं डोकं, गळ्याला दोरा,
उद्या पाऊस नको म्हणून खिडकीत टांगायची.
चेहरा कोरा ठेवायचा.
ऊन पडलं की मग डोळे, बक्षीस म्हणून.

हर्षदनं पॅकिंग हाऊसमधून
परदेशी जाणाऱ्या घडांचा कागद आणला,
इतका मऊ, की पोरं आधी गालालाच लावत बसली.
तीस बोझू झाले. मिसबाहचा पोटफुगा,
साईराजचा मानमोडका,
एकाला कुणी गुपचूप हळदकुंकूही वाहिलं.

तेजल भोयेनं तिचा उलटा बांधला.
डोकं खाली, कागदाचा घेर वर.
"अगं, उलटा टांगला तर पाऊस येतो."
"माहीत हाय. तुम्हीच तर सांगितलं."
मग जरा हळू :
"पाऊस आला का आई घरी राहती."

हर्षद तिच्याकडे बघत राहिला.
त्याच्याच बागेत तिची आई घड खुडते.
मला खाड्याचा हिशेब सांगता आला असता,
पुढचा तास गणिताचाच होता.
नाही सांगितला.
हर्षद स्टुलावर चढला, खिडकीचा गज धरून
तिचा बोझू त्यानंच बांधला.
उलटाच. पण पार कोपऱ्यात,
आणि त्याच्या दोन्ही बाजूंना
दोन सरळ बोझू, पहाऱ्याला.

सकाळी रामशेजवर ढग होते, शाळेच्या अंगणात ऊन.
स्केचपेनं निघाली.
एकोणतीस बोझूंना डोळे आले,
साईराजच्याला मिशाही.
काळं पेन मुठीत धरून तेजल माझ्या टेबलापाशी.
"बाई,
माझ्याला कधी?"