चाळीस मिनिटांची जागा

अदम मागे पडलं की हैमापर्यंत
नकाशावर नुसती एक काळी दोरी.
तिच्यावर मी कंपासनं वर्तुळं काढलेली,
एकमेकांना जेमतेम खांदा लावून उभी.
मस्कतच्या ऑफिसात, एसीखाली,
ती फार शहाणी दिसायची.

सातव्या वर्तुळाच्या केंद्रावर उतरलो.
मुसल्लमनं हँडब्रेक ओढला. "हेच?"
जीपीएस म्हणालं, हेच.
पांढरी सपाटी. एक फुटका टायर.
आणि वारा, ज्याला अडवायला
उभं असं काही नव्हतं, आम्ही दोघं सोडून.
सत्तेचाळीस अंश.
एवढ्या उन्हात चार्जरसुद्धा अर्ध्या दमानंच चालतो,
माणसासारखा.

फॉर्मात रकाना: रोजची वाहनं.
छत्री उघडून मोजत बसलो.
टँकर. टँकर. पिकअपमध्ये गुडघे बांधलेला उंट,
माझ्याकडे तुच्छतेनं बघत गेलेला.
पुन्हा टँकर.
विजेची गाडी: शून्य.
गाड्या नाहीत म्हणून चार्जर नको,
चार्जर नाही म्हणून गाडी घेणार कोण,
असं ते शून्य गोल गोल फिरत राहिलं
पेन्सिलच्या टोकाशी.

"आमच्यात म्हणतात," मी मोडक्या अरबीत सांगितलं,
"तहान लागल्यावर विहीर खणू नये."
मुसल्लम हसला नाही. थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला,
"इथे तसा खणणारा कुणी उरतच नाही,
त्याला नावं ठेवायला.
विहीर आधी. वाट मागनं तिच्याकडे वळते."

मग त्यानं गाडी माझ्या वर्तुळाबाहेर काढली.
अकरा किलोमीटर. एक समरचं झाड,
सावली चाळणीसारखी, पण सावली.
कुन्हलवीचं चहाचं दुकान, पंक्चरचा पंप,
आणि दाराशी, पत्र्याच्या आडोशाला,
छोटी पांढरी विजेची गाडी,
खिडकीतून आलेल्या वायरला लागलेली.
कुन्हलवीनं त्यासाठी आइस्क्रीमचा फ्रीजर बंद ठेवला होता.
"दोन्ही लावलं की फ्यूज जातो," तो म्हणाला,
जसं काही यात सांगण्यासारखं काही नाही.

गाडी रय्याबाईंची. पलीकडच्या वस्तीवर
चौथीपर्यंतची शाळा, पोरं एकोणीस.
रोज येताना इथे तीन तास.
वह्या तपासून होतात, म्हणाल्या.
मी उत्साहानं माझा चार्जर उलगडून दाखवला:
इतके किलोवॅट, तीन तासांची चाळीस मिनिटं!
त्यांनी टोपण लावून पेन बाजूला ठेवलं.
"ती चाळीस मिनिटं मी बसू कुठे?
दिवे असतील? संडास?
त्याला आतून कडी?"

माझ्याकडे ट्रान्सफॉर्मर होता, केबलची जाडी होती,
खोदकामाचा दर होता.
कडी नव्हती.

बाबा जतकडे लाइनमन होते.
रात्री-अपरात्री डीपी उडाली की सायकल काढायचे.
शेवटच्या खांबाला होल्टेज उरत नाही, म्हणायचे,
तिथला बल्ब जन्मभर लालच.
आम्हाला तो लाल आवडायचा,
आम्ही पहिल्या खांबापाशी राहायचो.

त्या रात्री हैमाच्या लॉजवर
सातवं वर्तुळ खोडून झाडाखाली आणलं.
आठव्याशी असलेला त्याचा खांदा सुटला,
मधे एक फट पडली, चांगली ठसठशीत.
फॉर्मात हातानं एक रकाना आखला
आणि लिहिलं: कडी.
मस्कतहून दुसऱ्या दिवशी विचारणा आली,
अंतरं समान का नाहीत?
हा शब्द टंकनदोष आहे का?

उत्तर अजून पाठवलेलं नाही.
खर्चाचा तक्ता मात्र भरतोय: डिझेल, लॉज, पाणी.
एका ओळीपाशी अडलोय.
निघताना कुन्हलवीनं फ्रीजरमधली कांडी दिली होती,
काडीवर जेमतेम टिकलेली, केशरी.
कोपरापर्यंत ओघळली.
पैसे घेतले नाहीत त्यानं.